तार, दुकान आणि सरकार

लहान धंदेवाल्याने नवे यंत्र, नवे तंत्र आपलेसे करावे ह्यासाठी सरकारने त्याला हात द्यावा काय, आणि द्यावयाचा तर कसा, हा प्रश्न आज ब्रॉडबँडच्या निमित्ताने पुन्हा विचारला जात आहे. पण पुणेकरांना तो नवा नाही. १८९० साली पुण्यात भरलेल्या औद्योगिक परिषदेसाठी न्यायमूर्ती रानडे ह्यांनी जावा बेटातील डच सरकारच्या लागवडपद्धतीवर एक निबंध लिहिला होता. साखरेचे कारखाने काढू इच्छिणाऱ्यांना तेथील सरकारने भांडवल उसने दिले आणि त्याची फेड तयार मालातून करून घेतली, ही गोष्ट रानड्यांना विचार करण्यासारखी वाटली. त्यांच्या त्या काळातील लेखनाचा मथितार्थ असा की, रेल्वे कंपन्यांना व्याजाची हमी देताना जे सरकार कचरत नाही, त्याने देशी कारखानदार दारात उभा राहिला की अर्थशास्त्राची सूत्रे म्हणून दाखवावीत, हा न्याय नव्हे.

तथापि ह्या गोष्टीला दुसरीही बाजू आहे. त्या डच पद्धतीत जावाच्या शेतकऱ्यावर सक्ती होती. मुल्टाटुली ह्या टोपणनावाने लिहिणाऱ्या डच लेखकाने १८६० सालीच आपल्या कादंबरीतून ती जगापुढे मांडली होती. म्हणजे एकाच योजनेतून कारखानदाराला हात मिळाला आणि शेतकऱ्याच्या मानेवर जू बसले. म्हणून सरकारी मदतीचा विचार करताना ती किती दिली एवढे पाहून भागत नाही. ती घेणारा माणूस शेवटी कोठे उभा राहिला, धनी म्हणून की आश्रित म्हणून, हे पाहावे लागते. ह्या एका कसोटीवर गेल्या सव्वाशे वर्षांतील काही प्रसंग घासून पाहावेत, एवढाच आमचा हेतू आहे.

रानड्यांच्या निबंधानंतर थोड्याच वर्षांनी मद्रास इलाख्यात आल्फ्रेड चॅटर्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने एक प्रयोग मांडला. मद्रासच्या कलाशाळेत त्याने १८९८ च्या सुमारास ॲल्युमिनियमची भांडी बनविण्यास सुरुवात केली आणि धंदा चालू शकतो असे दिसताच १९०३ मध्ये तो खासगी कंपनीच्या हवाली केला. पुढे क्रोम पद्धतीने कातडी कमावणे, विहिरीवर तेलाचे इंजिन बसवून पाणी उपसणे, अशा कामांत त्याने लक्ष घातले. त्याची रीत सरळ होती: नव्या तंत्राची पहिली जोखीम सरकारने घ्यावी, ते येथे चालते हे दाखवून द्यावे आणि मग बाजूला व्हावे. पण मद्रासच्या युरोपियन व्यापाऱ्यांना हे रुचले नाही. सरकार आमच्याशी स्पर्धा करते, अशी त्यांनी ओरड केली. १९१० साली भारतमंत्री मोर्ले ह्यांनी लेखी बजावले की, सरकारने औद्योगिक शिक्षणापुरते पाहावे, व्यापाराचा आव आणू नये. पहिल्या महायुद्धात परदेशी मालाची आवक आटली, तेव्हा कोठे सरकारचे डोळे उघडले आणि १९१६ साली सर टॉमस हॉलंड ह्यांच्या अध्यक्षतेखाली औद्योगिक आयोग नेमला गेला.

आपल्याकडे ह्याच काळात संस्थानी मुलखात निराळे चित्र दिसत होते. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातार ह्यांनी पहिला यंत्रमाग बसविला, त्यामागे जहागीरदार घोरपडे ह्यांचे उत्तेजन होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातून कारखाना हलविण्याची पाळी आली, तेव्हा १९१० साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळचा माळ त्यांना दिला. ही मदत खरीच होती, आणि तिची फळे आपण आजही पाहतो. पण ती एका माणसाच्या मर्जीवर उभी होती. राजा जाणता निघाला म्हणून माळावर कारखाना उभा राहिला. शेजारच्या संस्थानात तसा राजा नसेल, तर तेथील लोहाराने काय करावे? मर्जी म्हणजे व्यवस्था नव्हे.

व्यवस्था आली ती स्वातंत्र्यानंतर. १९५१ च्या कायद्याने राज्याराज्यांत वित्त महामंडळे निघाली. १९५४ साली लघुउद्योग मंडळ स्थापन झाले. १९५५ साली राष्ट्रीय लघुउद्योग महामंडळ उभे राहिले. ह्या महामंडळाची हप्तेबंदीची योजना आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. लेथ किंवा मिलिंग यंत्र एकरकमी घेण्याची ऐपत नसलेल्या कारागिराला ते महामंडळ यंत्र आणून देई. त्याने आरंभी थोडी रक्कम भरावी, बाकीची हप्त्यांनी फेडावी, आणि फेड पुरी झाली की यंत्र त्याच्या मालकीचे व्हावे. शिवाय ओखला येथे जर्मनीच्या, राजकोट येथे अमेरिकेच्या आणि हावडा येथे जपानच्या सहकार्याने यंत्रांचे नमुने बनविण्याची आणि कारागीर शिकविण्याची केंद्रे निघाली. ह्या योजनेत लहान माणूस धनी होत असे, हे कबूल केले पाहिजे. पण तिचा स्वभावच असा होता की, मदत एकेका यंत्राची आणि एकेका माणसाची. ज्याला अर्ज भरता येतो, जामीन मिळतो, जिल्ह्याच्या ठिकाणी खेपा घालता येतात, त्याच्यापर्यंतच ती पोचे. शिवाय लेथ घरी आणून बसविला की तो आपला आपण चालतो. दळणवळणाच्या साधनाचे तसे नाही. एकट्याच्या घरी टेलिफोन असून उपयोग नाही. पलीकडे दुसरा हवा, मध्ये तार हवी, आणि तार तर सरकारची. त्यामुळे टेलिफोनच्या बाबतीत मदतीचा निराळाच मार्ग शोधावा लागला. तो आमच्या मते ह्या साऱ्या इतिहासातील सर्वांत बोधप्रद भाग आहे.

१९८० च्या सुमारास ह्या देशातील सत्तर कोटींच्या आसपास लोकांमागे टेलिफोन होते वीस-तीस लाख, तेही बहुतेक शहरांत. अर्ज केला म्हणजे वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. मुलाच्या जन्माच्या वेळी नाव नोंदवावे आणि त्याच्या मुंजीला टेलिफोन यावा, असे लोक थट्टेने म्हणत. ट्रंक कॉल लावून माणसे तासन्‌तास बसून राहत. कानपूर आणि लखनौ ह्या शहरांमध्ये १९६० सालीच ग्राहकाला थेट दूरचा क्रमांक फिरविण्याची सोय झाली होती, पण तिचा प्रसार मंद होता. १९८४ साली सी-डॉट ही सरकारी संशोधन संस्था स्थापन झाली. तिच्या कामाशी सॅम पित्रोदा ह्यांचे नाव जोडलेले आहे. १२८ ग्राहकांपुरते, आपल्या धुळीत व उन्हात वातानुकूलनावाचून चालेल असे ग्रामीण एक्स्चेंज तिने बनविले. त्यातले पहिले १९८६ मध्ये कर्नाटकात कित्तूर येथे सुरू झाले.

एक्स्चेंज झाले, पण घरोघर टेलिफोन देणे तरीही अशक्यच होते. तेव्हा जी युक्ती निघाली ती वरवर पाहता अगदी साधी होती. टेलिफोन घरात न देता दुकानात द्यावा, आणि त्याच्यापाशी माणूस बसवावा. नाण्यांचे सार्वजनिक टेलिफोन पूर्वी होतेच. पण ते कोणाचेच नसल्यामुळे कायमचे बिघडलेले असत, नाणे गिळून गप्प बसत. आता मात्र दुकानदाराने अनामत ठेवावयाची, खात्याने त्याला जोडणी द्यावयाची, त्याने गिऱ्हाइकाकडून पैसे घ्यावयाचे आणि खात्याच्या बिलातून ठरावीक हिस्सा स्वतःकडे ठेवावयाचा, अशी रचना झाली. भिंतीवर लाल आकडे पळणारी पेटी, टेबलावर पावती छापणारे छोटे यंत्र, काचेचा किंवा प्लायवूडचा खोका आणि बाहेर पिवळी पाटी, एवढ्या सामग्रीवर दुकान सुरू होई. पावती छापणारी यंत्रेही देशातल्याच लहान कारखान्यांनी बनविली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. परवाने देताना अपंग, विधवा, माजी सैनिक अशांना प्राधान्य होते. ज्याला दुसरे कोणी नोकरी देत नव्हते, त्याच्या हाती देशभर पोचणारी तार आली.

ह्या योजनेचे मर्म काय? अनुदान हे तिचे मर्म नव्हते. सरकारने दुकानदाराला दिला तो रांग ओलांडून जोडणी मिळविण्याचा हक्क आणि मिळकतीतला वाटा. घरचा टेलिफोन दिवसातून चार वेळा वाजे. दुकानातला दिवसभर थांबत नसे. त्यामुळे एका जोडणीवर खात्याला किती तरी पट उत्पन्न मिळाले, आणि दुकानदाराला चार माणसांत मान देणारा धंदा मिळाला. तार बंद पडली तर त्याचा तोटा होई, म्हणून तो स्वतः एक्स्चेंजच्या खेपा घाली, लाइनमनच्या मागे लागे. सरकारी यंत्राची काळजी घेणारा माणूस सरकारला पगार न देता मिळाला.

आणि लाभ केवळ टेलिफोनवाल्याचाच झाला असे नाही. इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्याला मुंबईच्या मूळजी जेठा मार्केटातला भाव त्याच दिवशी कळू लागला. लासलगावचा कांदा-व्यापारी गाडी भरण्यापूर्वी कलकत्त्याच्या अडत्याशी बोलू लागला. रात्री उशिरा दर उतरत, म्हणून त्या वेळी दुकानांपुढे लागणाऱ्या रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ठाऊक आहे की, त्या रांगेत घरची खुशाली विचारणारे जसे असत, तसे उद्याच्या मालाची मागणी नोंदविणारेही असत. ज्यांची स्वतःची टेलिफोन घेण्याची ऐपत नव्हती, अशा शेकडो लहान धंद्यांची ही दुकाने म्हणजे सामायिक कचेरी होती.

ह्या दुकानांचा शेवट मात्र मदतीविना झाला. १९९५ साली मोबाइल आला. आरंभी तो श्रीमंतांचा होता. पुढे दर घसरत गेले, आणि १ मार्च २००६ पासून सरकारी कंपनीनेच देशात कोठेही एक रुपयात एक मिनिट बोलण्याची योजना सुरू केली. खोक्यातल्या टेलिफोनला गिऱ्हाईक उरले नाही. ज्यांनी आधीच झेरॉक्स, फॅक्स, पुढे संगणक आणि मोबाइलचे रिचार्ज अशी जोड दिली होती ते तगले. ज्यांच्यापाशी एक टेलिफोनच होता ते उठले. लक्षावधी दुकाने उभी करणाऱ्या धोरणात ती मावळतील तेव्हा त्या माणसांनी कोठे जावे, ह्याचा विचार नव्हता. ज्या विधवेला किंवा अपंगाला परवाना देताना सरकारने अभिमान बाळगला, त्याच्या पाटीवर धूळ बसली तेव्हा कोणी विचारपूस केली नाही. ह्या योजनेची आम्ही स्तुती केली, म्हणून हा दोषही सांगणे आमचे कर्तव्य आहे.

ह्याच काळात सरकारी मदतीशिवाय एक जाळे गल्लोगल्ली पसरले, त्याचाही उल्लेख केला पाहिजे. ते केबलवाल्याचे. १९९१ नंतर उपग्रहावरून येणाऱ्या वाहिन्या गच्चीवरील तबकडीने पकडून हा माणूस खांबावरून, झाडावरून, गॅलरीवरून तार नेऊन घरोघर पोचवू लागला. १९९५ च्या कायद्याने त्याला नोंदणी करावी लागली, ती पोस्टात. पुढे २०१२ पासून अंकीय प्रक्षेपणाची सक्ती महानगरांत सुरू झाली आणि मग इतरत्र आली. तिच्यामुळे चित्र सुधारले, हिशेब चोख झाला. पण जो कालपर्यंत आपल्या तारेचा धनी होता, तो वरच्या मोठ्या पुरवठादाराचा वसुली कारकून होऊ लागला. धोरण वाईट हेतूने आखलेले नसले तरी लहान माणसाची जागा कशी सरकते, ह्याचे हे उदाहरण आहे.

आता संगणकाकडे वळू. १९९८ साली पंतप्रधानांच्या माहिती-तंत्रज्ञान कृतिदलाच्या पुढाकाराने वारणा खोऱ्यात एक प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील सत्तर गावे संगणकाने जोडावयाची अशी ती योजना होती. खर्चाचा निम्मा भाग केंद्राने, चाळीस टक्के राज्याने आणि उरलेला दहा टक्के वारणेच्या सहकारी संस्थांनी उचलावयाचा होता. तात्यासाहेब कोरे ह्यांनी घडविलेला हा सहकारी परिसर असल्यामुळे जागा अगदी योग्य निवडली होती. गावोगावच्या केंद्रांवर बाजारभाव, शेतीचा सल्ला, सरकारी दाखले, शिक्षण, सारे मिळेल असे स्वप्न होते.

प्रत्यक्षात काय झाले? ऊसउत्पादकाला आपल्या उसाचे वजन, तोडणीचा परवाना, खतांची उधारी, बिलाचा हिशेब, ह्या गोष्टी केंद्रावर मिळू लागल्या. त्या त्याला रोज हव्या होत्या, त्यासाठी पूर्वी त्याला कारखान्यावर खेप घालावी लागे. म्हणून हे काम टिकले. बाकीची स्वप्ने मात्र मागे पडत गेली. २००७ च्या सुमारास संशोधकांनी तेथे आठ महिने एक प्रयोग केला. संगणकाऐवजी साध्या मोबाइलवरील लघुसंदेशांनी हीच माहिती दिली. ती स्वस्त पडली आणि शेतकऱ्यांना अधिक पसंत पडली. म्हणजे ज्याला आपण गावाचे संगणकीकरण म्हणत होतो, त्यातले शेतकऱ्याच्या खऱ्या गरजेचे एवढे काम खिशातल्या यंत्रानेही भागत होते. केंद्र चालविणारा तरुणही त्या केंद्राचा धनी नव्हता, सहकारी संस्थेचा नोकर होता. नवे काम शोधून गिऱ्हाईक वाढवावे, अशी निकड त्याला कशी वाटावी?

ह्याच्या उलट प्रयोग जानेवारी २००० मध्ये मध्य प्रदेशात झाला, तो पवारांच्या जुन्या धार संस्थानच्या मुलखात. ‘ज्ञानदूत’ ह्या प्रकल्पात केंद्रे चालविणारे गावचे तरुण स्वतःच्या मिळकतीवर जगणारे होते. येथे वाटा होता, उमेदही होती. त्या वर्षी परदेशी पारितोषिकही मिळाले. पण टेलिफोनची तार वारंवार तुटे, वीज जाई, आणि ज्या कचेऱ्यांचे दाखले केंद्रावर द्यावयाचे, त्या कचेऱ्यांचे दप्तर अजून कागदावरच होते. धनी होता, पण त्याच्या दुकानात विकण्यासारखा माल नव्हता.

वारणा आणि धार ही दोन उदाहरणे शेजारी ठेवली म्हणजे टेलिफोनच्या पिवळ्या पाटीचे यश अधिक उलगडते. तिच्यापाशी तीन गोष्टी एकत्र आल्या होत्या: चालू राहणारी तार, लोकांना रोज लागणारे काम, आणि दुकानदाराचा ठरलेला वाटा. तिन्हींपैकी एक गळाली की मदत कितीही असो, ती फळत नाही.

आज हाच हिशेब ब्रॉडबँडला लावून पाहावा. काम तर आज भरपूर आहे. जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर तालुक्याच्या हार्डवेअरवाल्यालाही विवरणपत्र संगणकावरच भरावे लागते. २०१६ पासून आलेल्या यूपीआयमुळे भाजीवालीच्या पाटीवरही चौकोनी ठिपक्यांचे चित्र आले आहे. तारेची गोष्ट मात्र रखडली. ऑक्टोबर २०११ मध्ये अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याची योजना मंजूर झाली. तिला पुढे भारतनेट हे नाव मिळाले. मुदती उलटत गेल्या. पुष्कळ ठिकाणी तार पंचायतीच्या कचेरीपर्यंत आली आणि तेथेच कुलूपबंद खोलीत थांबली. कचेरीपासून चौकातल्या दुकानापर्यंतचा शेवटचा फर्लांग कोणाचाच नव्हता. २०२३ साली सुधारित योजनेला सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपये मंजूर झाले. तिच्यात गावच्या लहान उद्योजकाने घरोघर जोडणी द्यावी, देखभाल करावी आणि उत्पन्नात वाटा घ्यावा अशी सोय आहे. म्हणजे बारा वर्षांनी सरकार पुन्हा त्या पिवळ्या पाटीच्या शहाणपणापाशी आले.

वाट्याची गोष्ट ह्याहून नाजूक आहे. ९ डिसेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘पीएम-वाणी’ योजना मंजूर केली. चहाच्या टपरीवाल्यानेही परवान्यावाचून, फीवाचून वाय-फाय विकावे, अशी ती कल्पना. टेलिफोनच्या सार्वजनिक दुकानाच्या नावावरूनच तिच्यातील दुकानाचे नाव बेतले आहे. २०१८ च्या दूरसंचार धोरणात २०२२ पर्यंत एक कोटी सार्वजनिक वाय-फाय केंद्रे करण्याचे उद्दिष्ट होते. प्रत्यक्षात ती काही लाखांच्या पुढे गेली नाहीत. कारणे दोन. २०१६ नंतर मोबाइलवरील इंटरनेट इतके स्वस्त झाले की, टपरीवरचे विकत कोण घेणार? आणि टपरीवाल्याला मिळणारी जोडणी घरगुती दराची नसून मोठ्या कंपन्यांना परवडेल अशा दराची असे. अखेर जून २०२५ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने आदेश काढला की, २०० एमबीपीएसपर्यंतच्या जोडणीसाठी अशा दुकानदाराकडून घरगुती दराच्या दुपटीहून अधिक घेऊ नये. पाटीची नक्कल झाली. पण तिच्यामागे रांग ओलांडून मिळणारा जो हक्क होता, त्याची नक्कल करावयाची राहिली. १९८० च्या दशकात तार दुर्मीळ होती, म्हणून ती मिळणे हीच मदत होती. आज तार सर्वत्र आहे. दुर्मीळ आहे ते लहान माणसाला परवडणारे घाऊक मोल. धोरण करणाऱ्यांनी जुने रूप उचलले, त्याचे कारण उचलले नाही.

ह्याच्याही पुढचे तंत्र दारात आले आहे. मार्च २०२४ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी दहा हजार तीनशे कोटींहून अधिक रुपयांची योजना मंजूर झाली. तिच्यातून महागडी गणनयंत्रे सवलतीच्या दराने वापरावयास मिळतात. चॅटर्टनचीच ही वाट आहे: पहिली जोखीम सरकारने घ्यावयाची. आमचा तिला विरोध नाही. पण आमची जुनी कसोटी येथेही लागू आहे. ह्या यंत्रांवर जे उभे राहील, त्यात सोलापूरचा चादरवाला किंवा मालेगावचा यंत्रमागवाला कोठे असेल? दरमहा भाडे भरणारे गिऱ्हाईक म्हणून, की आपल्या धंद्याचा धनी म्हणून?

रानड्यांनी सरकारकडे मागणी केली तेव्हा सरकार परके होते, आणि ते काहीच देत नाही ही तक्रार होती. आज सरकार आपले आहे आणि ते देते. योजना निघतात, कोटींचे आकडे छापून येतात. म्हणूनच कसोटी अधिक कडक हवी. एखादी नवी योजना जाहीर झाली की, आपण तिच्यातील रकमेकडे पाहतो. त्याऐवजी तीन प्रश्न विचारावेत. तार दुकानापर्यंत जाते काय? दुकानात रोजचे काम आहे काय? आणि मिळकतीत दुकानदाराचा वाटा किती? त्यांच्या जोडीला चौथाही प्रश्न विचारावा, जो पिवळ्या पाटीच्या वेळी कोणी विचारला नाही: हे तंत्र उद्या मावळले, तर ज्याला आपण आज दुकान थाटावयास सांगत आहोत, त्याला उद्याच्या तंत्राकडे नेण्याची काही तजवीज आहे काय? ह्या चार प्रश्नांची उत्तरे ज्या योजनेपाशी असतील, तिच्यावर खर्च होणारा पैसा सत्कारणी लागेल असे आम्हांस वाटते.